टाके काढल्यानंतरचं काम

भरलेला पेला उचलताना बोटं नेमकं काय करतात, याकडे आपलं कधी लक्ष जात नाही. बोटं आधी मुळाच्या सांध्यात वाकतात. मधले सांधे तोवर जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे हात पेल्याच्या रुंदीएवढा उघडा राहतो. पेला हाताच्या कवेत आला की मग मधले सांधे मिटतात. हा क्रम तळहातातले छोटे स्नायू सांभाळतात. ते लुळे पडले की सगळं उलटं होतं. मुळाचे सांधे मागे ताणले जातात, मधले आधी मिटतात, नखं पेल्यावर आदळतात आणि पेला हातात येण्याऐवजी पुढे ढकलला जातो. कुष्ठरोगाने मुडपलेल्या हाताचं दुखणं हे असं क्रमाचं असतं. ताकद बऱ्याचदा असते तेवढीच असते.

१९४७ साली डॉ. पॉल ब्रँड यांना हे कळलं ते हात हातात घेऊन. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते तेव्हा शस्त्रक्रिया शिकवत होते. कुष्ठरोगातले मोठे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन त्यांना चेंगलपट्टूच्या लेडी विलिंग्डन कुष्ठरोग रुग्णालयात घेऊन गेले. कॉक्रेन त्वचेवरचे चट्टे दाखवत होते आणि ब्रँड यांची नजर हातांवर खिळली होती. ही बोटं अशी का होतात, अस्थिशल्यविशारद त्यांचं काय करतात, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, असं उत्तर आलं. या रोगातल्या हातापायांकडे अस्थितज्ज्ञ फिरकलेलेच नव्हते. ब्रँड यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि जोर लावायला सांगितलं. पकड अशी बसली की नखं रुतून ते कळवळले. म्हणजे कोपराखालचे मोठे स्नायू जिवंत होते, आणि जिवंत स्नायू दुसऱ्या कामासाठी उसना घेता येतो.

हा किस्सा ब्रँड यांच्याविषयी लिहिताना सगळेच सांगतात. त्यानंतरची किचकट, कंटाळवाणी मेहनत मात्र फारशी कोणी सांगत नाही. आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण तिथे आहे. शस्त्रक्रिया हा उपचाराचा लहान तुकडा आहे. तिच्या आधी काही आठवडे आणि तिच्यानंतर रुग्णाचं उरलेलं आयुष्य, एवढं काम बाकी असतं. हे त्यांनी मान्य केलं, मोजलं आणि शिकवलं.

ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. नवव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठवलं गेलं आणि वडिलांची पुन्हा भेट झालीच नाही. १९२९ साली ते हिवतापाच्या गुंतागुंतीने डोंगरातच वारले. आई एव्हलिन नव्वदी ओलांडेपर्यंत त्या वाड्या-वस्त्यांवर काम करत राहिल्या. पॉल यांनी डॉक्टर व्हायचं ठरवण्याआधी काही वर्षं बांधकामाचा धंदा शिकून घेतला. सुतारकाम, गवंडीकाम, सगळं. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात वैद्यकीय शिक्षण. शिकत असतानाच महायुद्ध सुरू झालं आणि बाँबहल्ल्यांत जखमी झालेल्यांवर उपचार करता करता हात तयार झाला. तिथेच शिकणाऱ्या मार्गारेट बेरी यांच्याशी १९४३ साली लग्न झालं आणि १९४६च्या अखेरीस ते वेल्लोरला आले.

चेंगलपट्टूहून परतल्यावर त्यांनी लगेच सुरी उचलली नाही. आधी शेकडो रुग्णांचे हात-पाय तपासून कोणता स्नायू चालतो, कोणता बंद आहे, बधिरपणा कुठवर आहे, याच्या नोंदी केल्या. त्यातून एक नमुना वर आला. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारा अल्नर मज्जातंतू कोपराच्या जरा वर खराब होतो. मीडियन मनगटाच्या जरा वर. पायात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा. चेहऱ्यावर पापण्या मिटणाऱ्या फांद्या. मनगट मागे उचलणारे स्नायू ज्याच्यावर चालतात तो रेडियल मज्जातंतू मात्र बहुधा वाचतो. मृत रुग्णांचे मज्जातंतू उघडून पाहिले तेव्हा सूज नेमकी अशा ठिकाणी दिसली जिथे मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो. कुष्ठरोगाच्या जंतूला थोडी थंड जागा मानवते आणि खोल, उबदार स्नायूंच्या आड तो फारसा वाढत नाही. रोग कितीही पसरला तरी कोणते स्नायू शाबूत राहतील हे यावरून आधीच सांगता येऊ लागलं. उसना घ्यायचा स्नायू पाच वर्षांनी लुळा पडणार असेल तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. या नमुन्यामुळे ती भीती गेली.

दुसरी भीती जखमेची होती. कुष्ठरुग्णाचं मांसच नासलेलं असतं, त्याला लावलेला टाका धरत नाही, असं डॉक्टरही मानत. इतर रुग्ण पळून जातील म्हणून सर्वसाधारण रुग्णालयात त्यांना खाट मिळणंही मुश्कील होतं. १९४८च्या सुमारास पहिल्या शस्त्रक्रिया झाल्या आणि टाके इतर कोणाच्याही हातावर भरतात तसेच भरून आले.

शस्त्रक्रिया नेमकी काय असते ते जरा तपशिलाने सांगायला हवं, कारण ब्रँड यांचं शिकवणं त्या तपशिलांतच आहे.

हात घेण्याआधी काही अटी. जंतूंवरचा औषधोपचार व्यवस्थित चालू असायला हवा, मज्जातंतूंना सूज किंवा दुखरेपणा आणणारी रिअॅक्शन निदान सहा महिने नसावी आणि लुळेपण स्थिरावलेलं असावं. मज्जातंतू अजून सावरण्याची शक्यता असताना स्नायू हलवणं ही घाई. त्यानंतर सांधे. वर्षानुवर्षं मुडपून राहिलेलं बोट कातडीसकट आखडतं. उसना स्नायू सैल सांधा हलवतो. आखडलेला सांधा ओढून सरळ करण्याचं बळ त्याच्यात नसतं. म्हणून आधी पाण्यात भिजवणं, तेल लावून चोळणं, मेणाचा शेक, आणि तरीही सरळ न होणाऱ्या बोटाला प्लास्टरची नळी. बोट जेवढं सहज सरळ होतं तेवढ्यावर नळी बसवायची, काही दिवसांनी काढून थोडं पुढे न्यायचं, पुन्हा बसवायची. इथे एकदम जोर लावला की बधिर बोटाला दुखत नाही, पण आतून ते सुजतं, आणि त्या सुजेतून जो नवा चिवटपणा येतो तो आधीच्यापेक्षा वाईट. बोट गरम लागलं किंवा फुगलं तर आदल्या वेळी जास्त ताणलं गेलं, असा त्याचा अर्थ.

आता उसना स्नायू कोणता? आधी रूढ असलेल्या पद्धतीत बोट मिटवणाऱ्या दोन टेंडनांपैकी (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) वरचं टेंडन काढून त्याच्या चार फाळ्या करत. ती चालते, आजही वापरतात, पण लवचीक बोटांत एक खोड निघते: मधला सांधा सरळ होता होता मागे वळायला लागतो, आणि पकडीतलाही थोडा जोर जातो. ब्रँड यांनी मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंपैकी एक घेतला. मनगट उचलायला बाकीचे पुरतात, त्यामुळे तो गेल्याचं फारसं जाणवत नाही. अडचण लांबीची. त्याचं टेंडन मनगटापाशी संपतं आणि पोहोचायचं असतं बोटांच्या मधल्या पेरापर्यंत. मग पोटरीतून प्लँटारिस नावाचं सुतळीसारखं बारीक, लांबलचक टेंडन काढून ते जोडायचं. काही माणसांत हे टेंडन जन्मतःच नसतं. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या चिवट पडद्याची पट्टी घ्यावी लागते. या जोडाला चार शेपट्या करायच्या, एका बोटाला एक.

सुरुवातीला ते या शेपट्या हाताच्या पाठीकडून, तळव्याच्या हाडांमधून पुढे आणत. पुढे दुसरा एक स्नायू घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूने, बोगद्यातून नेण्याची रीत त्यांनी बसवली, कारण त्या वाटेने ओढ जास्त सरळ लागते. दोन्हींत एक गोष्ट चुकवून चालत नाही. शेपटी बोटाच्या मुळाच्या सांध्याच्या तळव्याकडूनच गेली पाहिजे. ती पाठीकडे राहिली तर मुळाचा सांधा वाकायच्याऐवजी आणखी मागे ओढला जातो आणि शस्त्रक्रियेनंतरचा हात आधीच्या हातापेक्षा वाईट होतो. शेवटची गाठ बोटाच्या बाजूच्या पट्ट्यात. मधलं बोट, अनामिका आणि करंगळीला अंगठ्याकडच्या बाजूने, तर्जनीला मात्र करंगळीकडच्या बाजूने, म्हणजे चारही बोटं एकमेकांजवळ येऊन वस्तूभोवती वळतात.

टेंडन कातडीखालून न्यायचं तर वाट खणून काढायची नाही, चरबीतून बोथट टोकाने हळूच सरकवायची. वाटेत जितकं रक्त आणि जितकी खरवड, तितकं टेंडन नंतर चिकटून बसतं, आणि चिकटलेलं टेंडन कितीही नीट शिवलेलं असो, हलत नाही.

मग ताण. मनगट जरा मागे, मुळाचे सांधे सुमारे ७० अंशांत वाकलेले, मधले सरळ, अशा अवस्थेत हात ठेवून चारही शेपट्या शिवतात. बाज विणणाऱ्याला दोरी कुठे सैल पडली ते बसल्यावर कळतं, तसं इथे प्लास्टर काढल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. एक शेपटी सैल राहिली की ते बोट पुन्हा मुडपतं. सगळ्याच जास्त ताणल्या की बोटं ताठ सरळ राहतात, मूठ वळत नाही. ब्रँड विद्यार्थ्यांना हे आकड्यांतून समजवत. कोणता स्नायू किती सेंटिमीटर सरकतो, त्याचं बळ किती, सांध्यापासून त्याचं अंतर किती. बांधकामावर वजन आणि आधार यांचा हिशेब केलेल्या माणसाला शरीरातला हिशेब वेगळा वाटला नसावा. पुढे १९८१ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोपराखालच्या आणि हातातल्या प्रत्येक स्नायूचं सापेक्ष बळ आणि सरकण्याची क्षमता यांचे तक्ते प्रसिद्ध केले. हाताच्या शस्त्रक्रिया करणारे आजही ते उघडतात.

अंगठ्याचं वेगळं काम. अनामिकेचं वरचं टेंडन मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने वळसा देऊन अंगठ्यापर्यंत आणायचं, दोन फाळ्या करून दोन ठिकाणी शिवायचं, म्हणजे अंगठा बोटांसमोर येऊन उभा राहतो. लोंबणाऱ्या पावलासाठी घोट्यामागचा स्नायू पुढे आणतात. तेही तंत्र याच तर्काचं, म्हणून इथे लांबवत नाही.

प्लास्टर तीन आठवडे. ते निघतं त्या दिवशी रुग्णाला वाटतं, झालं. खरं तर तेव्हा त्याचा मेंदू त्या स्नायूला अजून मनगट उचलणाराच समजत असतो. म्हणून पहिला धडा हा: मनगट मागे उचलायचा प्रयत्न कर, आणि बोटांकडे बघ. तो प्रयत्न करतो आणि बोटं मुळात वाकतात. पहिल्या दिवसांत एवढंच, मधले सांधे सरळ ठेवून. मूठ वळणं, वस्तू धरणं त्यानंतर टप्प्याटप्प्याने. जड काम सुमारे तीन महिन्यांनी. घाईने पहिल्याच आठवड्यात घट्ट मूठ वळायला लावली की शिवण ढिली पडते आणि जुनी सवयही परत येते. रूथ थॉमस या फिजिओथेरपिस्टनी वेल्लोरला हे शिकवणं उभं केलं. ब्रँड यांच्या विभागात थेरपिस्टचा शब्द शल्यविशारदाच्या शब्दाइतकाच चाले. सांधे तयार नाहीत असं थेरपिस्टने सांगितलं की शस्त्रक्रिया पुढे जाई. आजही ही शिस्त सगळीकडे दिसते असं म्हणवत नाही.

इथवर सगळं यशाचं. पण बरे केलेले हात घेऊन गावी गेलेले लोक परत यायला लागले. काहींची तक्रार अशी की वाकडा हात पुढे केला की भीक मिळायची, आता तीही मिळत नाही आणि काम तर कोणीच देत नाही. त्यातून कॉलेजच्या आवारातच मातीच्या साध्या झोपड्यांची ‘नवजीवन निलयम’ ही वस्ती उभी राहिली. रुग्ण तिथे राहून सुतारकाम शिकत, लाकडी खेळणी बनवत, आणि ब्रँड स्वतः त्यांच्याबरोबर रंधा-करवत चालवत. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आकाराला आलं तेही याच वर्षांत, १९५०च्या आसपास. दोघांच्या वाटा निराळ्या असल्या तरी रोग्याच्या हाताला काम हवं, हे दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी उमगलं होतं.

याच कामशाळेत ब्रँड यांना त्यांचा सर्वांत मोठा शोध लागला. बरे झालेले हात जास्त जखमी होत होते. साहजिकच आहे; आधी जो हात वापरलाच जात नव्हता तो आता हातोडा धरत होता. तोवरची समजूत अशी की कुष्ठरोगात बोटं ‘झडतात’, रोगच ती खातो. ब्रँड यांनी ठरवलं की एकाही जखमेला कारणाशिवाय सोडायचं नाही. रोज सगळ्यांचे हातपाय तपासायचे, फोड दिसला की काल काय केलं ते आठवायला लावायचं. दर वेळी काहीतरी सापडे. चुलीवरून उतरवलेलं भांडं. हातोड्याच्या दांड्यातली फट. निजताना हाताला टेकलेली कंदिलाची काच. एका गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना तेव्हा एका मुलाने पुढे होऊन ती सहज फिरवली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला तर किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापलं गेलं होतं. दुखणं ज्या जोरावर आपल्याला थांबवतं, त्या जोरापाशी हा मुलगा थांबलाच नव्हता.

काही जणांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत आणि कारण काही केल्या सापडेना. मग रात्री पाळत ठेवली. उंदीर येऊन बधिर बोटं कुरतडत होते. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला मांजर सोबत देण्याची पद्धत पडली. ऐकायला विचित्र वाटतं, पण उपचार म्हणून तो टाक्यांइतकाच नेमका होता.

थोडक्यात, बोटं रोगाने झडत नव्हती. भाजणं, कापणं, रुतणं, त्यात पू होणं, तरीही हात वापरत राहणं, आतलं हाड हळूहळू विरघळून आखूड होणं, अशी ती साखळी होती; आणि साखळी तोडता येते. चहाचा स्टीलचा पेला फडक्यात धरायचा, पळीला लाकडी दांडा बसवायचा, अवजाराची मूठ जाड करायची म्हणजे दाब जास्त जागेवर वाटला जातो, पंधरा-वीस मिनिटं हातपाय साध्या पाण्यात भिजवून नुसते टिपून तेल लावायचं म्हणजे घामाअभावी कोरडी पडलेली कातडी चिरत नाही, घट्टे दगडाने घासून पातळ ठेवायचे. भारतातल्या कुष्ठरोग कार्यक्रमात आरोग्यसेवक आजही हेच शिकवतात. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवल्यावर जंतू मारणं सोपं झालं. एकदा गेलेली संवेदना मात्र त्या गोळ्यांनी परत येत नाही, म्हणून हे शिकवणं उरलंच.

पायाची गोष्ट हाताहून जास्त हट्टी. चवड्याखालची जखम खाटेवर पडून राहिलं की भरते आणि चालायला लागलं की पुन्हा फुटते. असं वर्षानुवर्षं चालतं आणि शेवटी पाय कापतात. ब्रँड यांनी इजेचे प्रकार वेगळे केले. घट्ट बुटाचा किंवा पट्ट्याचा हलका दाब, पण तासन्‌तास. त्याने रक्त पोहोचत नाही आणि कातडी मरते. खिळा किंवा काटा, क्षणात घुसतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा: साध्या पावलाचा मध्यम दाब, एकदा पडला तर काहीच नाही, पण त्याच जागी हजारो वेळा पडला की आत सूज येते, फोड होतो, जखम उघडते. निरोगी माणूस दोन-तीन मैलांनंतर नकळत पाऊल वेगळं टाकायला लागतो, वजन दुसऱ्या कडेवर नेतो. बधिर पाय पहिल्या पावलासारखंच शेवटचं पाऊल टाकतो. चौथा प्रकार म्हणजे पू झालेल्या पायाने चालणं, ज्याने घाण खोल ढकलली जाते.

यावरचं हत्यार म्हणजे पायाला घट्ट बेतून बसवलेलं प्लास्टर. भारतात आणि श्रीलंकेत ते आधीही वापरलं गेलं होतं. ब्रँड यांनी ते पद्धतशीर केलं आणि पुढे अमेरिकेत नेलं. अस्तर अगदी पातळ, प्लास्टर पायाच्या प्रत्येक वळणाला चिकटलेलं, खाली चालण्यासाठी गोलाकार आधार. वजन एका बिंदूवर न पडता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं, आणि माणूस चालता चालता बरा होतो. पहिलं प्लास्टर आठवड्याच्या आत बदलायचं, कारण सूज उतरली की आत पाय सैल होऊन घासतो आणि बऱ्या करायच्या जखमेशेजारी नवी जखम होते. खोल पू असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर हे प्लास्टर बसवायचंच नाही.

जखम भरली की चप्पल. वर सूक्ष्म छिद्रांचं मऊ रबर, साधारण १० ते १५ मिलिमीटर जाड, खाली झिजणार नाही असा कडक तळ, मागे पट्टा, आणि कुठेही खिळा नाही. चिकटवायचं किंवा शिवायचं. रबर पारखायची सोपी रीत अशी की अंगठा आणि बोट यांच्यात दाबलं तर ते निम्म्यापर्यंत दबलं पाहिजे. जास्त मऊ असेल तर महिन्याभरात पापड होतो, कडक असेल तर नसल्यासारखंच. महाराष्ट्रात कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळणारी ‘एमसीआर’, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल याच घराण्यातली. ती कुष्ठरोग्याची म्हणून ओळखू येते, म्हणून लोक ती घालायचं टाळतात. ही अडचण रबराने सुटत नाही. बाजारातल्या चपलेसारखी दिसेल अशी बेतली तरच ती पायात राहते.

वेल्लोरला शिकलेल्यांत डॉ. मेरी वर्गीस यांचं नाव आधी घ्यायला हवं. १९५४ सालच्या अपघातात या तरुण डॉक्टरच्या कमरेखालचं शरीर लुळं पडलं. हाताची शस्त्रक्रिया बसूनच करतात, हे लक्षात घेऊन ब्रँड यांनी त्यांना त्या कामाकडे वळवलं. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांचे हात दुरुस्त केले, पुढे परदेशात पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं आणि वेल्लोरला भौतिक वैद्यक व पुनर्वसन विभाग उभा केला. दयेपोटी दिलेलं काम ते नव्हतं. ब्रँड यांना माणूस कुठे बसला की सर्वांत चांगलं काम करील हे दिसत असे.

मार्गारेट ब्रँड यांनी डोळे घेतले. पापणी मिटत नाही आणि बुबुळाला स्पर्श कळत नाही, अशा डोळ्यात धूळ जाते, तो सुकतो, फुटतो. चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांत घालून डोळा मिटवता येतो. मात्र रुग्णाला दिवसभर आठवणीने दात दाबायची सवय लावावी लागते. आपल्याकडे डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच क्षेत्र चेहऱ्याकडून, विशेषतः बसलेल्या नाकाकडून, पुढे नेलं. अंटियांनी पुढे गावातल्या आरोग्यसेविकांवर विश्वास टाकला. हा स्वभाव ब्रँड यांच्या जवळचा वाटतो.

मानसन्मान मिळाले: १९५२ला इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचं हंटेरियन व्याख्यान, १९६०ला अमेरिकेतला वैद्यकासाठीचा लास्कर पुरस्कार. १९६६ साली ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे वीस वर्षं राहिले. तिथला त्यांचा एक फसलेला प्रयोग आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. बधिर हाताला दुखण्याची जागा घेणारं यंत्र द्यायचं, अशी कल्पना. हातमोज्यात दाब मोजणारी टिकली, दाब वाढला की कानात आवाज. रुग्ण आवाज ऐकत आणि काम तसंच पुढे रेटत. मग आवाजाऐवजी शरीराच्या संवेदना असलेल्या भागाला विजेचा झटका. तेव्हा माणूस स्क्रू पिळायच्या आधी झटका बंद करी, काम उरके, आणि मग परत चालू करी. खर्चही वाढला, टिकल्याही बिघडत राहिल्या. दुखणं बंद करायचं बटण आपल्या हाती नाही म्हणूनच ते काम करतं, असं ब्रँड यांना त्यातून दिसलं आणि प्रकल्प सोडून दिला. वेदनेवरची त्यांची आध्यात्मिक अंगाची व्याख्यानं पुढे खूप गाजली. वाचक बहुधा तीच वाचतात. त्यांच्यामागे हा मोडलेला हातमोजा आहे हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येतं.

यंत्र सोडलं आणि साधी साधनं धरली. हाताची सूज मोजायला पाण्याने भरलेलं भांडं: हात बुडवायचा, सांडलेलं पाणी मोजायचं, आठवड्याने पुन्हा. संवेदना तपासायला नायलॉनचा तंतू. ८ जुलै २००३ रोजी सिएटलमध्ये ब्रँड वारले, तोवर कारव्हिलचा तो तंतू मधुमेहाच्या दवाखान्यांत पोहोचला होता, आणि कुष्ठरोगाचं नावही न ऐकलेल्या लोकांचे पाय त्याने वाचत होते.

१० ग्रॅमचा, म्हणजे १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा, हा तंतू मधुमेह तपासणाऱ्या अनेक डॉक्टरांकडे असतो. आधी तो हातावर टेकवून कसा लागतो ते रुग्णाला दाखवायचं, मग डोळे मिटायला सांगायचं. अंगठ्याच्या टोकाला आणि चवड्याखालच्या हाडांवर, घट्टा टाळून, काटकोनात टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा, सेकंद-दीड सेकंद ठेवून उचलायचा. कातडीवरून सरकवायचा नाही, आणि ‘लागलं का?’ असं टेकवताना विचारायचं नाही; मध्येच न टेकवताही विचारून बघायचं, कारण माणूस भिडेखातर हो म्हणतो. तंतू कळला नाही तर त्या पायाला अनवाणी चालणं बंद, देवळातसुद्धा. रोज रात्री तळवा आरशात बघायचा. आणि कारव्हिलला उष्णतेची चित्रं काढून जे शिकवलं गेलं ते घरी साध्या त्वचेच्या तापमापकानेही जमतं: दोन्ही तळव्यांच्या त्याच त्याच जागा ताडून बघायच्या, एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा दोन अंश सेल्सियसहून जास्त गरम लागत असेल तर फोड अजून दिसत नसला तरी आत सूज सुरू झालेली असते. फरक मिटेपर्यंत चालणं कमी करायचं, आणि डॉक्टरांकडे जाताना रोजची चप्पलही बरोबर न्यायची.